जिन्यातला कॅमेरा : प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

आज आमच्या व्हिडिओ गेममधली मनोऱ्याची लेव्हल तिघांना खेळायला दिली. तिघांची तक्रार एकच, शब्द तेवढे वेगळे. एक म्हणाला, "कॅमेरा अंगावर येतो." दुसरा म्हणाला, "मी पडत नाहीये, मला पाडलं जातंय." तिसरा काही बोललाच नाही. पाचव्यांदा त्याच पायरीवरून कोसळल्यावर त्याने कंट्रोलर हळूच टेबलावर ठेवला, पाणी पिऊन आला आणि भलत्याच विषयावर बोलायला लागला. सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

गेम छोटा आहे. बंद पडलेलं दीपगृह, भोवतीचे खडक, खाली तळघर. नायिका पाठीमागून दिसते. दादा लेव्हल बांधतो, मी कोड लिहितो. आतापर्यंत गेम बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे इंजिनात, तयार मिळतो तोच स्प्रिंग आर्म वापरत होतो: नायिकेच्या पाठीमागे एक अदृश्य काठी, तिच्या टोकाला कॅमेरा, मध्ये भिंत आली की काठी आखडते. मोकळ्या खडकांवर झकास चालतं. दाराच्या आत पाऊल टाकलं की अब्रू जाते.

गेल्याच आठवड्यात एक नावाजलेला साहसी गेम खेळताना मी स्वतः असाच चरफडत होतो. कड्याच्या टोकाला उभा, स्टिक पुढे, उडीचं बटण दाबलं, आणि नेमकं त्याच क्षणी कॅमेऱ्याच्या मनात आलं की जरा बाजूने बघू या. कॅमेरा वळला, तसा 'पुढे'चा अर्थही वळला, आणि गडी दरीत. तेव्हा बनवणाऱ्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. आता तीच बोलणी माझ्या वाट्याला.

तयार आर्म काढून टाकला. कॅमेरा नव्याने लिहायचा.

६ फेब्रुवारी

कोड कमी, विचार जास्त.

ही अडचण गेम त्रिमितीत आले तेव्हापासूनची. १९९६ सालच्या तीन गेम्सनी तिला तीन वेगळी उत्तरं दिली. 'सुपर मारिओ ६४'ने कॅमेऱ्याला चक्क एक पात्र दिलं. ढगावर बसलेला लाकितू कॅमेरा घेऊन मारिओच्या मागे फिरतो आणि पिवळ्या सी बटणांनी त्याला हलवता येतं. बहुतेक लोकांनी तोवर कॅमेरा हलवलेलाच नव्हता, त्यामुळे 'हा एक वेगळा माणूस आहे, त्यालाही सांभाळायचंय' हे समजावण्याची ही युक्ती मला अजून भारी वाटते. 'टूम रेडर'चा कॅमेरा नायिका लाराच्या पाठीशी चिकटून राहिला. 'रेसिडेंट ईव्हिल'ने कॅमेरे भिंतीला ठोकूनच टाकले.

त्या तिसऱ्या गेममध्ये पात्र रणगाड्यासारखं चालतं: वर दाबलं की त्याच्या नाकासमोर, डावी-उजवीकडे दाबलं की जागच्या जागी वळण. लोक याला नावं ठेवतात, मीही ठेवायचो. पण कॅमेरा दर खोलीत दोनदा बदलत असेल तर 'वर' हे पात्राच्या नाकाला बांधून ठेवण्याइतकं इमानदार उत्तर दुसरं नाही. कॅमेरा कुठेही उडी मारो, दिशा बदलत नाही.

पुढे १९९७ मध्ये प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला दुसरी स्टिक मिळाली. मग कॅमेरा खेळणाऱ्याच्या हवाली करून मोकळं का होता येत नाही? उत्तर उजव्या अंगठ्यात आहे. उडीचं बटणही त्याच अंगठ्याला आणि कॅमेऱ्याची स्टिकही त्यालाच. उडी मारताना अंगठा बटणावर असतो, म्हणजे जिथे नजर सगळ्यात जास्त हवी तिथे कॅमेऱ्याला वाली नाही. म्हणून आपोआप वळणारा कॅमेरा लागतो. आणि तो आपोआप वळतो म्हणून शिव्या खातो.

९ फेब्रुवारी

पहिलाच बग, आणि लाज वाटावी असा. माझ्या मशीनवर कॅमेरा लोण्यासारखा, दादाच्या जुन्या लॅपटॉपवर चिखलात रुतल्यासारखा.

कारण हे: कॅमेरा आणि त्याची इच्छित जागा यांतलं अंतर मी दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, दहा टक्क्यांनी कमी करत होतो. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर निम्मं अंतर ०.११ सेकंदात कापलं जातं. ३० फ्रेमवर त्याला ०.२२ सेकंद लागतात. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणाऱ्या, स्क्रीनवर जेमतेम ०.०५. म्हणजे तीन माणसं तीन वेगळे गेम खेळत होती आणि मी तिघांचे अभिप्राय एकाच वहीत लिहून घेत होतो.

उपाय जुनाच आहे. टक्केवारी फ्रेमशी बांधायची नाही, वेळेशी बांधायची: गुणक म्हणून एक वजा घातांकी घट, घातांकात वेग गुणिले फ्रेमचा वेळ. एका ओळीचा बदल. आता आकडा लिहिताना मी 'निम्मं अंतर किती सेकंदात' असाच विचार करतो. आडवं वळण ०.०८, उंची ०.२, भिंतीपासून मागे सरकणं ०.३५.

१० फेब्रुवारी

नायिका थरथरते. हालचालींचा हिशेब, म्हणजे फिजिक्स, सेकंदाला ६० वेळा, स्क्रीन १४४ वेळा, आणि कॅमेरा स्क्रीनच्या तालावर. इंटरपोलेशन, म्हणजे दोन हिशेबांमधली जागा अंदाजाने भरणं, चालू केलं, थरथर गेली. पाऊण दिवस कॅमेऱ्याच्या कोडमध्ये शोधत बसलो होतो, चूक तिथे नव्हतीच.

१३ फेब्रुवारी

आज भिंती.

आधी नायिकेच्या डोक्यापासून कॅमेऱ्यापर्यंत एक सरळ किरण सोडला आणि तो भिंतीला लागेल तिथे कॅमेरा आणला. कोपऱ्यांतून भिंतीपलीकडचं दिसायला लागलं. कॅमेरा म्हणजे बिंदू नव्हे हे विसरलो होतो. त्याच्यासमोर जवळच्या छेदाचा एक छोटा चौकोन असतो, त्याच्या अलीकडचं काही दाखवलंच जात नाही, आणि भिंत या चौकोनाच्या आत शिरली की कापली जाते. माझा छेद ५ सेंटिमीटरवर, दृश्याचा उभा कोन ६० अंश, पडदा १६:९. हिशेब केला तर चौकोनाचा कोपरा कॅमेऱ्यापासून पावणेआठ सेंटिमीटर लांब पडतो. किरणाची जाडी शून्य, त्यामुळे तो कोपरा बिनधास्त भिंतीत घुसतो. किरणाऐवजी २० सेंटिमीटर त्रिज्येचा गोळा ढकलला. थोडा जास्तच घेतला, पण आता भिंत फाटत नाही.

मग वेगाचा प्रश्न. भिंत मध्ये आली तर कॅमेऱ्याने ताबडतोब पुढे यायला हवं, नाहीतर खेळणाऱ्याला भिंतीचं पोट दिसतं. परत मागे जाताना मात्र सावकाश. दोन्हीकडे सारखा वेग ठेवला होता तेव्हा खिडक्यांच्या ओळीजवळून पळताना कॅमेरा भात्यासारखा आतबाहेर करत होता.

खांबांचं काय? तळघरात बारा बारीक खांब आहेत. प्रत्येक खांबाला कॅमेरा दचकून पुढे यायचा. शेवटी कॅमेऱ्यासाठी टकरीचा वेगळा थर, म्हणजे कॅमेरा कशाला अडेल याची वेगळी यादी, केला आणि खांब, साखळ्या, कठडे, लोंबणारे दिवे सगळे त्यातून वगळले. मध्ये आले की ते जाळीदार होऊन विरतात. खरी पारदर्शकता नाही, ठिपके गाळण्याची जुनी युक्ती: चार बाय चारची जाळी, सोळा पायऱ्या. जवळून बघितलं तर चाळणीतून बघितल्यासारखं दिसतं, पण खेळताना कुणाच्याही लक्षात येत नाही. दादाच्या आलं. "माझे खांब गाळून पितोस होय?"

१७ फेब्रुवारी

ताईला बसवलं. ती गेम खेळत नाही, म्हणूनच बसवलं. सात मिनिटांत म्हणाली, "डोकं गरगरतंय रे, बंद कर."

डोळे सांगतात आपण हलतोय, कानातला तोल सांगतो आपण खुर्चीत बसलोय, आणि दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. हे मला वाचून माहीत होतं. पण ताईने टेबलाची कड घट्ट धरलेली बघणं वेगळं. तिच्या मागे उभा राहून परत खेळायला सांगायचं धाडस झालं नाही. तिने खेळलेलं रेकॉर्डिंग बघितलं.

दोन गुन्हेगार सापडले. पहिला कोन. नव्याने लिहिताना कॅमेऱ्याचा नोडही (इंजिनातला तयार सुटा भाग) नवा टाकला होता आणि गोडो इंजिनात त्याचा उभा कोन मुळात ७५ अंश असतो. भिंतींचा हिशेब केला तो वहीतल्या ६० अंशांवर, नोडवर ७५ तसेच राहून गेले. १६:९ पडद्यावर ७५ म्हणजे आडवे १०७ अंश. पाठीमागून दिसणाऱ्या पात्राला हे फार झालं. कडेच्या वस्तू ताणल्या जातात आणि कॅमेरा जरा वळला की कडा सुसाट धावतात. ५५ वर आणला आणि काठी थोडी लांब केली. सेटिंग्जमध्ये ५० ते ७५ असा पट्टा दिला.

दुसरा उडी. नायिका उडाली की कॅमेराही तिच्यासोबत उडायचा, म्हणजे दर उडीला क्षितिज खालीवर. आता उडी चालू असताना कॅमेरा उंचीच्या बाबतीत शेवटच्या जमिनीलाच धरून राहतो आणि ती नव्या जागी टेकली की हळूच तिथे जातो. ती मूळ पातळीच्या खाली पडायला लागली तरच लगेच तिच्या मागोमाग खाली जातो, कारण तेव्हा खालचं दिसायला हवं. एवढ्याने खडकांवरची उडी मारणं सोपं झालं. जमीन हलत नसली की अंतराचा अंदाज येतो.

१८ फेब्रुवारी

उलटा अक्ष. माझा एक मित्र स्टिक खाली ओढून वर बघतो, विमानाच्या दांडीसारखं. पर्याय नव्हता म्हणून त्याने गेम उघडून दोन मिनिटांत बंद केला. बरोबर केलं. उभा आणि आडवा, दोन्ही अक्ष उलटे करायची सोय दिली, माऊस आणि स्टिकसाठी वेगवेगळी. वीस मिनिटांचं काम चार महिने राहिलं होतं.

२२ फेब्रुवारी

मूळ भांडण आज मिटवलं, निदान कागदावर.

आपोआप कॅमेरा आणि खेळणारा, दोघेही एकाच सुकाणूवर हात ठेवून असतात. माझ्या जुन्या कोडमध्ये खेळणाऱ्याने कॅमेरा बाजूला वळवला की अर्ध्या सेकंदाने तो परत पाठीमागे यायला लागायचा. रेकॉर्डिंगमध्ये दिसतं: पहिला टेस्टर खडकामागची गुहा बघायला कॅमेरा वळवतो, कॅमेरा परत येतो, तो पुन्हा वळवतो, कॅमेरा पुन्हा परत. चौथ्या वेळी तो तोंडाने कॅमेऱ्याशी बोलतोय.

नवा नियम: खेळणाऱ्याचा हात स्टिकला लागला की कॅमेऱ्याने तोंड मिटायचं. हात सुटल्यावरही नायिका उभी असेल तर कॅमेरा जिथे ठेवला तिथेच, तासभर राहिला तरी. ती चालायला लागली आणि अडीच सेकंद स्टिक शांत राहिली, तर कॅमेरा वळायला सुरुवात करतो, तेही ती कडेला चालत असेल तेव्हा जास्त आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून येत असेल तेव्हा अजिबात नाही. कॅमेऱ्याकडे चालणाऱ्या माणसाच्या मागे जायला धावणारा कॅमेरा म्हणजे शेपटीमागे लागलेलं कुत्रं. शिवाय एक बटण: दाबलं की लगेच पाठीमागे. १९९८ च्या 'ऑकारिना ऑफ टाइम'मध्ये झेड बटण शत्रूवर नजर रोखायचं आणि समोर शत्रू नसेल तर कॅमेरा पाठीमागे आणायचं. इतक्या वर्षांत याहून चांगलं काही मला तरी दिसलेलं नाही.

२३ फेब्रुवारी

नियम एका दिवसात फसला. मित्राच्या जुन्या कंट्रोलरची उजवी स्टिक झिजली आहे, मोकळी सोडली तरी ०.०६ दाखवते. कोडच्या हिशेबाने हात कायम स्टिकवर, म्हणून आपोआप कॅमेरा कधी येतच नाही. शिवाय दृश्य मुंगीच्या पावलाने डावीकडे सरकत राहतं.

माझा डेड झोन, म्हणजे स्टिकची किती हालचाल शून्य धरायची तो आकडा, ०.०५ होता, चपळ वाटावं म्हणून. कंट्रोलर वाचणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सइनपुटमध्ये उजव्या स्टिकसाठी सुचवलेला आकडा ३२७६७ पैकी ८६८९, म्हणजे जवळजवळ ०.२७. डाव्या स्टिकसाठी ७८४९. इतका मोठा कशाला, असं मला नेहमी वाटायचं. आता कळलं. ०.२ ठेवला, पण गोल. दोन्ही अक्षांना वेगवेगळा लावला की मध्यभागी अधिकच्या चिन्हासारखी मेलेली पट्टी तयार होते आणि तिरकं हळू वळवताच येत नाही. गोल सीमेच्या बाहेर पडल्यावर वेग शून्यापासून मोजायचा, नाहीतर सीमा ओलांडताच कॅमेरा टुणकन उडतो.

२६ फेब्रुवारी

कड्यावरच्या त्या गड्याचा न्याय आज केला. कॅमेरा आपणहून वळत असताना स्टिकची दिशा कॅमेऱ्याशी बांधलेली नसते. स्टिक ढकलली त्या क्षणीची दिशा धरून ठेवतो, आणि स्टिक सोडली किंवा २५ अंशांहून जास्त फिरवली की मगच नव्या कॅमेऱ्याप्रमाणे मोजतो. खेळणाऱ्याने स्वतः कॅमेरा वळवला तर हे लागू नाही. तिथे त्याला वळणच हवं असतं.

बाहेरच्या कड्यावर वीस उड्या मारल्या. एकदाही तिरपी नाही. दादाला दाखवलं तर तो म्हणाला, "काय बदललं? मला काहीच वेगळं वाटत नाही." याहून मोठी पावती नको.

१ मार्च

आता जिना. यासाठीच सगळं सुरू केलं होतं आणि इथे काहीच चालत नाही.

आज कोड बंद करून कागद घेतला. मनोऱ्याची आतली त्रिज्या ३ मीटर, मधोमध दगडी खांब, पायऱ्यांवरून चालणारी नायिका केंद्रापासून २ मीटरवर. तिच्या सरळ पाठीमागे काठी काढली तर ती वर्तुळाला स्पर्शरेषा होते आणि बाहेरच्या भिंतीला जाऊन भिडते. पायथागोरस लावला, कॅमेऱ्याच्या गोळ्याचे २० सेंटिमीटर सोडले: काठीला मिळणारी जास्तीत जास्त लांबी १.९६ मीटर. माझी काठी साडेतीन मीटरची. कोड कितीही शहाणा केला तरी या मनोऱ्यात कॅमेऱ्याला उभं राहायला जागाच नाही. पंधरा दिवस मी भिंतीशी वाटाघाटी करत होतो.

दादाला म्हटलं, "अरे दादा, मनोरा साडेचार मीटर त्रिज्येचा कर ना." त्याने मापं बदलून दाखवलीही. काठीला तीन मीटर मिळाले. पण बाहेरून बघितल्यावर दोघंही गप्प. "हे दीपगृह आहे का पाण्याची टाकी?" तो म्हणाला. खरंच टाकी दिसत होती.

५ मार्च

दादाचीच कल्पना, नोंद करून ठेवतो नाहीतर उद्या मी माझी म्हणून सांगेन. मधला खांबच काढून टाकायचा. त्याने कुठल्याशा माहितीपटात पाहिलं होतं की जुन्या दीपगृहांत दिवा फिरवणारं यंत्र घड्याळासारखं वजनांवर चालायचं आणि ती वजनं मनोऱ्याच्या मधल्या पोकळीतून खाली उतरायची, रखवालदाराने ती पुन्हा वर ओढून घ्यायची. म्हणजे मधली पोकळी ही पळवाट नाही, दीपगृहाचाच भाग आहे.

पायऱ्या आता १.४ ते ३ मीटरच्या पट्ट्यात. कॅमेरा पोकळीत, केंद्राच्या पलीकडे १.२ मीटरवर, नायिकेच्या बरोबर समोरच्या बाजूला. त्यांच्यातलं अंतर ३.२ मीटर, आणि ५५ अंशांत सव्वातीन मीटरहून जास्त उंची मावते. ती चढते, कॅमेरा तिच्यासोबत फिरत वर येतो. टकरीचा कोड इथे लागतच नाही. जिना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चढतो, त्यामुळे पडद्यावर ती उजवीकडे जाते.

उजवी स्टिक इथे फक्त वर-खाली थोडं डोकावू देते. नियम मोडतोय हे कळतंय. पण वळवून बघायला आहे काय, भिंत?

दारातून आत येताना एक गंमत झाली. स्टिक पुढे धरलेली, २६ तारखेच्या युक्तीने दिशा जगाच्या हिशेबात पक्की, आणि जिना मात्र वळतो. नायिका इमानाने सरळ चालत भिंतीला नाक घासत राहिली. आता जिन्यात दिशा 'वाटेने पुढे' म्हणून धरली जाते. स्टिक सोडेपर्यंत पुढे म्हणजे चढ, सोडून परत धरली की उजवीकडे म्हणजे चढ. कुणाला सांगावं लागत नाही.

८ मार्च

दादाने वजनाची दोरी टाकली. बरोबर केंद्रात, सुंदर, पिळासकट. कॅमेरा केंद्राच्या एका बाजूला, नायिका दुसऱ्या बाजूला, म्हणजे तळापासून माथ्यापर्यंत दोरी अखंड तिच्या तोंडावर. दोघं हसत सुटलो.

दोरी ४० सेंटिमीटर बाजूला सरकवली. आता एका फेरीत दोनदा आडवी येते, एकदा लांबून आणि एकदा अगदी कॅमेऱ्याच्या नाकासमोरून, जाड. मग १.३ मीटरवर, पायऱ्यांच्या कडेला नेली. कॅमेरा १.२ वर, त्यामुळे त्याच्या बाजूला असते तेव्हा ती त्याच्या पाठीमागे राहते. फेरीत एकदाच समोर येते, तीही नायिकेच्या जवळ. जाळी लावून विरवायचं ठरवलं होतं, उद्या करू म्हटलं.

९ मार्च

ताईला परत बसवलं. तयार होत नव्हती, पण बसली. पायथ्यापासून दिव्यापर्यंत न थांबता गेली, टेबल धरलं नाही. वर पोचल्यावर मी दोरीबद्दल विचारलं, मध्ये येते, काढू का.

"नको," ती म्हणाली. "तीच तर मोजत होते. पाच वेळा आली."

जाळीचं काम यादीतून काढलं. तळघराच्या दारात कॅमेरा अजून एकदा दचकतो, ते उद्या.